तपस्वी आलं

"टोमॅटो गेला, वांगी गेली, आता मिरचीही मान टाकतेय. मग आल्यालाच काही का झालं नाही, बाबा?"

दौलतगिरीनं विचारलं खरं, पण उत्तर त्याच्यापाशी तयार होतं. मठाच्या मळ्यात आलं त्यानं लावलं होतं, बाकीचं इतरांनी.

त्याचे गुरू विश्रामगिरी बाबा तापातून उठून आज पहिल्यांदाच मळ्यात आले होते. टोमॅटोची उरलेली झाडंही हिरवीच्या हिरवी कोलमडली होती, आणि मुळाशी तर चिखल होता.

"तहानेनं नाही मेली," बाबा म्हणाले.

"जातच नाजूक! टोमॅटो लगेच आडवा होतो, वांगं थोडं झुंजतं... आलं मात्र तपस्वी. बघा, डागसुद्धा नाही."

अक्षय्य तृतीयेला मठातलं आलं बेणं म्हणून घरोघर जाई, आणि पंचक्रोशी त्यावरच लागवड करी. यंदा बाबा अंथरुणाला खिळलेले, म्हणून काल दौलतगिरीनंच ते वाटलं. मेलेली रोपं उपटून तो चिखलाच्या पायांनीच ओट्यावर येऊन बसला होता. लोकांनी त्या पायांवर डोकी ठेवली. एका म्हातारीनं तर पायाचा चिखल पदराला बांधून नेला. म्हणाली, शेतात टाकते, बरकत येईल. तेव्हापासून स्वारी हरभऱ्याच्या झाडावर होती.

बाबांनी ओट्यावर धुनीजवळ बसून काचेच्या पेल्यात पाणी मागवलं. टोमॅटोचा देठ कापून त्यात धरला.

दुधासारखी पांढरी तार सुटली आणि तळाशी गेली.

"हा रोग."

पाणी बदलून वांग्याचा देठ धरला. तीच तार.

मग बाबांनी आल्याचा गड्डा चिरला. दौलतगिरी गालात हसला.

दोघं बघत राहिले...

आल्यातूनही तार सुटली. हळूहळू सगळं पाणी गढूळ झालं.

"पण... हे तर ठणठणीत आहे, बाबा!"

"टोमॅटो पडला, म्हणून तू तो उपटलास. आल्याचं काय केलंस?"

"वाटलं..."

दौलतगिरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"लोक आजच लावायला घेतील. हे जमिनीत गेलं, तर..."

"तर रोग मातीत मुरेल. ती जमीन बरीच वर्षं वांगंही देणार नाही."

बाबांनी चिरलेला गड्डा धुनीत टाकला. तो चरचरत राहिला.

"मी घरोघर जातो. सगळं परत मागतो." तो उठला. "पण बाबा, काल ज्यांनी पायांवर डोकं ठेवलं, त्यांना काय तोंड दाखवू?"

बाबा त्याच्या पावलांकडे बघत होते. चिखल वाळून भेगांत बसला होता.

"जा... पण आधी पाय धू."