धवलकूटच्या खिंडीतले दोन भाऊ

फार पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी शालनगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका वाटाड्याच्या घरी धाकटा मुलगा होऊन जन्मला. त्याचे नाव क्षेमक. थोरल्याचे नाव रोहक. आईबाप लवकर गेले, म्हणून रोहकनेच धाकट्याला वाढवले. बर्फावर पाय कसा टाकायचा, कोणते बर्फ भार सोसते आणि कोणते फसवते, ढग कुठून आला की माघारी फिरायचे, हे सगळे क्षेमक थोरल्याच्या मागून चालत शिकला.

नगराच्या उत्तरेला धवलकूट नावाचा पर्वत होता. त्याच्या शिखरावर कोणी चढत नसे. पण उन्हाळ्यात वाटा मोकळ्या झाल्या की यात्रेकरूंचा तांडा त्याला प्रदक्षिणा घालायला निघे. पर्वत उजव्या हाताला ठेवून चालायचे. वर जावे तशी नदी बारीक होई, मग झाडे संपत, मग गवत संपे, आणि शेवटी दगड आणि बर्फ एवढेच उरे. सगळ्यांत उंच जागी एक खिंड होती. तिथली हवा इतकी विरळ की धडधाकट माणूससुद्धा थोडे चालून काठीवर ओणवा होई. खिंड ओलांडली की पलीकडच्या कुरणातून उतरत वाट पुन्हा नगराला येई.

तांड्याच्या पुढे रोहक चाले. जिथे वाट फुटे तिथे दगडावर दगड ठेवून लगोरीसारखी खूण रचायची, हे त्याचे काम. तांड्याच्या शेवटी क्षेमक चाले. ज्यांना धाप लागे, ज्यांचे डोके ठणके, जे रडकुंडीला येत, ते आपोआप मागे पडत आणि क्षेमकच्या वाट्याला येत. तो त्यांची ओझी घेई, कोमट पाण्यात सातूचे पीठ कालवून त्यांना पाजी आणि त्यांच्या चालीने चाले. तांडा परतला की राजा वेशीवर येऊन पुढे चालणाऱ्याला मानाचा शेला देई. रोहकच्या खांद्यावर शेला पडला की साऱ्या गर्दीत क्षेमकइतका आनंद कोणालाच होत नसे.

अशी बरीच वर्षे गेली. मग एकदा बाजारात एका अनोळखी बाईने रोहकला थांबवून विचारले, "तुम्ही क्षेमकचे भाऊ ना?" तिच्या सासऱ्याला क्षेमकने खिंडीतून पाठीवर आणले होते. ती कितीतरी वेळ कौतुकाने बोलत राहिली. रोहकने मान डोलावली आणि तो घरी आला. पण तिचा प्रश्न कुसळासारखा त्याच्या मनात रुतून बसला. आजवर लोक क्षेमकला विचारत, की तू रोहकचा भाऊ ना.

तेव्हापासून पूर्वी कधी न पाहिलेल्या गोष्टी तो पाहू लागला. मुक्कामावर माणसे कोणाच्या शेकोटीभोवती बसतात, परतलेल्या यात्रेकरूंच्या तोंडी कोणाचे नाव आधी येते. पुढे चालताना मागून हसण्याचा आवाज आला तर ते कशाला हसले असतील, याचाच विचार तो करीत राही. त्याचे काहीच कमी झाले नव्हते. पुढची जागा त्याची होती, शेला त्याचा होता. तरी धाकट्याला मिळालेला प्रत्येक गोड शब्द आपल्याच ताटातून उचलला आहे असे त्याला वाटे. क्षेमकला याची गंधवार्ता नव्हती. दादा अलीकडे कमी बोलतो, थकला असेल, असे समजून तो मुक्कामावर त्याचे ओले जोडे शेकोटीजवळ वाळत ठेवी. रोहकला ते वाळलेले जोडेही बोचत.

त्या वर्षी राजा मोठ्या दुखण्यातून उठला, आणि त्याच्यासाठी बोललेला धवलकूटच्या पायी प्रदक्षिणेचा नवस फेडायचे त्याच्या आईने ठरवले. राजाने दोघा भावांना बोलावून सांगितले की माझ्या आईला सुखरूप परत आणा. जो आणील त्याला तो मागेल ते मी देईन.

रोहकचे मन उभारी धरू लागले. राजमाता आपल्या मागोमाग चालेल, आपण तिला नेऊन आणू, आणि मग बाजारातल्या कोणत्याही बाईला आपण कोण हे विचारावे लागणार नाही, असे त्याला वाटले. त्याने फार काळजीने वाट काढली. ओढ्यात पाऊल ठेवायला दगड टाकले, सुट्या मातीच्या घसाऱ्यावर पायऱ्या खणल्या. राजमाता वृद्ध होती, पण काटक होती. ती निमूटपणे त्याच्या मागे चालली.

खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामावर सगळे जेवायला बसले असताना ती म्हणाली, "रोहक, तुझी चाल चांगली आहे, बाळा. पण तुझ्यामागे चालताना मला सारखे वाटते की माझ्यामुळे कोणाला तरी उशीर होतो आहे. उद्या मी क्षेमकबरोबर मागून येईन."

तिने हे मायेनेच म्हटले. रोहकने "जशी आज्ञा" एवढेच उत्तर दिले, आणि हातातला घास परत ताटात ठेवला. सगळ्यांनी ऐकले होते. त्याला वाटले, आता सगळे आपल्याकडेच पाहत आहेत. खरे तर कोणीच पाहत नव्हते. लोक थकले होते आणि जेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुढच्या लोकांना घेऊन निघाला. खिंडीच्या अलीकडे वाट फुटत होती. उजवीकडची वाट खडकाच्या धारेने सरळ खिंडीत जाई. डावीकडची दिसायला सोपी होती, पण ती हिमनदीवर उतरे, आणि तिथे बर्फाच्या पोटात खोल भेगा होत्या. रोहकने नेहमीप्रमाणे उजवीकडे लगोरी रचली. मग लोकांना पुढे जायला सांगून जोडा बांधण्याच्या निमित्ताने तो मागे राहिला. सगळे दिसेनासे झाल्यावर त्याने एकेक दगड उचलून डाव्या वाटेच्या तोंडाशी नेऊन रचला. कोणी मरणार नाही, असे तो स्वतःला समजावत होता. भेगा दिसल्या की क्षेमक मागे फिरेल. उशीर होईल, राजमाता दमेल, कदाचित रागावेल. क्षेमक वाट चुकला, एवढेच लोक म्हणतील. काम संपवून तो झपझप पुढच्या लोकांना जाऊन मिळाला.

मागचे लोक तिथे पोहोचेपर्यंत धुके उतरले होते. क्षेमक लगोरीजवळ थांबला. राजमातेने कारण विचारले.

"आईसाहेब, मला वाट उजवीकडे आठवते," तो म्हणाला. "पण खूण दादाने केली आहे. बर्फ दरवर्षी सरकते; त्याने पुढे जाऊन पाहिले असेल. माझ्या आठवणीपेक्षा माझा त्याच्या हातावर भरवसा आहे."

आणि ते डावीकडे वळले.

थोड्याच वेळात हिमवर्षाव सुरू झाला. क्षेमक काठीने बर्फ चाचपत पुढे जात होता. त्याच्या मागे राजमाता आणि तिच्या मागे दमलेले यात्रेकरू. काठी एका ठिकाणी टणक लागली, त्याने पाऊल टाकले, ते टिकले. राजमातेने त्याच ठिकाणी पाय ठेवला आणि तिच्याखालचे बर्फ खचले. क्षेमकने स्वतःला पालथे झोकून तिचे मनगट धरले. ती भेगेत लोंबकळत होती, आणि त्याचे पाय काठालगतच्या गोठत्या पाण्यात रुतले होते. मागच्यांनी त्याला कमरेला धरून ओढले, तेव्हा कुठे दोघे वर आले. राजमातेचा घोटा दुखावला होता. ही वाट दादाची नव्हे, हे आता क्षेमकला कळून चुकले.

त्याने सगळ्यांना एका दोरात बांधले, राजमातेला पाठीवर घेतले आणि आल्या पावलांवर पाऊल ठेवत सगळ्यांना माघारी आणले. वाट फुटत होती तिथे तो पुन्हा थांबला. उजवीकडे एक वाटोळी जागा आजूबाजूपेक्षा खोलगट दिसत होती. काढलेल्या दगडांचा ठसा नव्या बर्फातूनही कळत होता. तो त्या जागेकडे पाहत राहिला. त्याच्या पाठीवरून राजमातेनेही तो ठसा पाहिला आणि काय पाहतोस, असे विचारले. "आधी खिंड ओलांडू या, आईसाहेब," एवढेच तो बोलला. मग मागून येणाऱ्या कोणाची फसगत होऊ नये म्हणून त्याने यात्रेकरूंकडून लगोरी पुन्हा उजवीकडे रचून घेतली.

पलीकडच्या कुरणात रोहक वाट पाहत होता. बर्फ पडू लागले तसा त्याचा जीव उडाला. उशीर व्हावा असे त्याने योजले होते. बर्फ त्याने योजले नव्हते. तो एकटाच उलटा खिंडीकडे चढू लागला. क्षेमक लहान असताना अशाच चढावर त्याचे बोट धरून चालायचा, ते त्याला आठवत राहिले. दिवस कलता कलता खिंडीच्या तोंडाशी माणसांची रांग दिसली. सर्वांत पुढे क्षेमक होता, आणि त्याच्या पाठीवर राजमाता. रोहक जागीच थांबला. भाऊ जिवंत होता.

तेवढ्यात खालचे लोक त्याला मागे टाकून धावत वर गेले. सगळ्यांच्या तोंडी क्षेमकचे नाव होते. कोणी राजमातेला उतरवून घेत होते, कोणी क्षेमकच्या अंगावर घोंगडी घालत होते, कोणी त्याच्या पाया पडत होते. आणि रोहकच्या छातीत तीच जुनी आग पुन्हा भडकली. भाऊ परतला याचा आनंद तिने एका श्वासापुरताही टिकू दिला नाही. तो परतला, आणि परतला तोही मोठा होऊन.

क्षेमक त्याच्यापाशी येऊन त्याच्या खांद्यावर रेलला. "दादा, पायाला काही जाणवत नाही रे," तो म्हणाला. रोहकने त्याचे जोडे काढले, पाय आपल्या पोटाशी धरले, चोळले. पण दोन बोटे काळी पडली होती, ती पुढे गळून गेली. त्या वेळी दगडांविषयी कोणीच बोलले नाही. खाली उतरेपर्यंत रोहक धाकट्याच्या एका शब्दाची वाट पाहत होता. शब्द आला नाही, आणि ते मौन त्याला शिव्यांपेक्षा जड गेले.

राजा वेशीवर आला. राजमातेने झालेले सारे सांगितले, आणि आपण पाहिलेला दगडांचा ठसाही सांगितला. राजाने क्षेमकला पुढे बोलावून म्हटले, "माग, काय हवे ते. पण आधी सांग, ती खूण कोणी हलवली?"

बोधिसत्त्व खोटे बोलत नसे. खरे सांगितले तर भावाला देहदंड होणार होता. तो म्हणाला, "महाराज, मागेन ते देण्याचे आपण कबूल केले आहे. मी एवढेच मागतो, की हे आपण मला विचारू नये आणि दुसऱ्या कोणालाही विचारू नये."

"तू एखादे गाव मागू शकला असतास," राजा म्हणाला.

"हो, महाराज."

राजाने वचन दिले. रोहक जवळच उभा होता. क्षेमकला सारे ठाऊक आहे, हे त्याला आता पक्के कळले. त्याने कृतज्ञ व्हायला हवे होते. पण त्याच्या मनात आले, क्षमा करण्याचा मोठेपणाही यालाच मिळाला. आता जन्मभर याच्या उपकाराखाली वाकून चालायचे. ते त्याला सोसवेना.

"महाराज, खूण मी हलवली," तो म्हणाला.

पश्चात्तापाने तो बोलला नव्हता. धाकट्याच्या मौनाचे उपकार अंगावर राहू नयेत, एवढ्यासाठीच बोलला होता. पण पहिले वाक्य बाहेर पडले आणि त्याच्यामागे बाकीची येऊ लागली. बाजारातली बाई, शेकोट्या, मागून येणारे हसणे, वाळलेले जोडे. लहान लहान गोष्टी होत्या. भर लोकांत सांगताना त्या आणखीच लहान वाटत होत्या, आणि त्यांच्यापायी आपण काय करून बसलो हे त्याचे त्यालाच ऐकू येत होते.

क्षेमकच्या डोळ्यांत पाणी आले. "दादा, लोक मला चांगला म्हणत तेव्हा मला वाटे, ते तुलाच म्हणत आहेत," तो म्हणाला. "मला चालायला तूच शिकवलेस ना?"

राजा म्हणाला की मी काही विचारले नव्हते, म्हणून मी काही ऐकलेही नाही. मात्र यापुढे रोहकने तांड्याच्या पुढे चालू नये. मागे कोण चालेल, असे कोणी विचारले, तेव्हा राजमातेने रोहककडे बोट दाखवले.

पुढच्या उन्हाळ्यात क्षेमक पुढे चालला. बोटे गेल्याने तो लंगडत होता, त्यामुळे साऱ्या तांड्याची चाल मंदावली. शेवटी रोहक होता, आणि त्याच्याबरोबर एक म्हातारा कुंभार. खिंडीच्या चढावर धापा टाकत म्हातारा म्हणाला, की पुढे जो कोणी आहे त्याची चाल मोठी समजूतदार आहे.

"माझा धाकटा भाऊ आहे तो," रोहक म्हणाला.

बोलून झाल्यावर तो थबकला. हे शब्द आपण अभिमानाने बोललो, हे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी मत्सर पुन्हा आला, त्यानंतरही कितीदा आला. पण आता तो त्याला लांबूनच ओळखू लागला होता, आणि त्याचे ऐकून त्याने पुन्हा कधी दगड उचलला नाही.

विहारात भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुबाहू राजा म्हणजे आजचे स्थविर सुमंगल. राजमाता म्हणजे उपासिका वेणुमती. धाकटा भाऊ क्षेमक तो मीच होतो. थोरला रोहक आज याच सभेत बसला आहे. आपल्या गुरुबंधूचे प्रवचन ऐकायला जास्त लोक जमतात, म्हणून काल तो त्याला टाळून भिक्षेला एकटाच गेला होता. मी त्याचे नाव सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. दुसऱ्याचे भले पाहून मन आनंदते, त्याला मुदिता म्हणतात. मत्सराला दुसरे औषध नाही."

थोड्या वेळाने मागच्या रांगेतला एक भिक्षू उठला आणि आपल्या गुरुबंधूच्या शेजारी जाऊन बसला.