जेवणानंतर तीन वेळा

श्रीचिंधेबुवा महाराजांचा मुक्काम त्या वर्षी नेरसई गावी, नदीकाठच्या उंबराखाली होता. श्रावणात नदीला पूर आला आणि काठावरची कातकरीवाडी घेऊन गेला. उरलेली चाळीस माणसे शाळेच्या पडवीत आली. पाठोपाठ तापाची साथ आली. तिच्याही मागून शहरातले मदत मंडळ आले. मंडळाचे प्रमुख डॉक्टर अनंतराव सबनीस हे विद्वान गृहस्थ होते, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत.

वाडीतली बुधी हिलम महाराजांची भक्त. उंबराखालची जागा ती रोज झाडून काढी. मागणे कधी काही नाही. तिचा नवरा चांगू तापाने आडवा झाला होता. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या नऊ गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी ताप तसाच, आणि बुधीच्या पदराच्या गाठीत सहा गोळ्या शिल्लक.

"विकायला ठेवल्यास का गं?" डॉक्टर म्हणाले. मंडळातली माणसे हसली. "लिहून घ्या, रुग्णाची बायको अडाणी. याचं औषध बंद. ज्यांना किंमत आहे त्यांना देऊ."

"सायेब, तुमी सांगलं तशाच दिल्या," बुधी म्हणाली. पण डॉक्टरांनी पुढच्याला हाक मारली होती.

चांगूला आता मानही उचलवेना. बुधी उंबराकडे गेली. महाराजांनी ऐकून घेतले आणि ते वैतागले. संतांना वैताग येत नाही असे मानणाऱ्या भाविकांनी आमचे महाराज पाहिलेले नाहीत. ते तरातरा शाळेत आले.

"डॉक्टर, गोळी कधी घ्यायची?"

"जेवणानंतर, तीन वेळा. रिकाम्या पोटी नाही. मी स्वतः बजावलं होतं."

महाराज बुधीकडे वळले. "काल चांगू किती वेळा जेवला?"

"एकदाच, म्हाराज. माज्यातला घास दिला त्याला."

"परवा?"

"एकदाच."

"म्हणून रोज एक गोळी दिलीस."

"जेवल्याबिगर देऊ नको सांगलं होतं ना. पोटात आग पडंल म्हणून."

"अरे, तुझं अक्षरन् अक्षर पाळणारं माणूस अख्ख्या तालुक्यात हे एकच निघालं," महाराज डॉक्टरांना म्हणाले, "आणि त्यालाच तू अडाणी लिहिलंस!"

डॉक्टर चपापले, पण पदवी आड आली. "अन्न आमच्याकडे येत नाही महाराज. त्याचं मंडळ वेगळं. ते गुरुवारी येतील."

"आज सोमवार. चांगू थांबतो का, तेवढं त्याला विचारून ये."

महाराजांचे लक्ष टेबलावरच्या डब्याकडे गेले. "यात काय?"

"माझं जेवण. मऊ भात आणि वरण."

"वाढ."

"चाळीस माणसांना? एका डब्यात?" डॉक्टर हसले. "चमत्कार दाखवताय का?"

"मला कुठे वेळ आहे! भात तुझा, हात तुझा. चांगूपासून सुरुवात कर."

डॉक्टरांनी चिडूनच चांगूच्या तोंडात चार घास घातले, मग गोळी. शेजारच्या म्हातारीला वाढले. तिसऱ्याला वाढले. दहाव्या पानापाशी ते थांबले आणि डब्यात डोकावले. भात काठोकाठ होता. विसाव्याला पुन्हा डोकावले. भात तेवढाच होता.

"आत काय सारखा बघतोस?" महाराज ओरडले. "समोर बघ. त्या पोरीला ठसका लागलाय, पाणी दे!"

काय ती लीला! सोमवार दुपारपासून तो डबा दिवसातून तीन वेळा उघडला आणि एकदाही रिता निघाला नाही. महाराजांची अट एकच: वाढायचे डॉक्टरांनीच. मांडी घालून समोर बसायचे आणि आधी विचारायचे, शेवटचे कधी जेवलात? पहिल्या दिवशी डॉक्टर उत्तरे लिहून घेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिणे सोडले.

गुरुवारी अन्नाचे मंडळ आले. त्यांनी चादरी आणल्या होत्या.

त्याच सकाळी चांगूला घाम फुटून ताप उतरला. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "आजून वाईच भात हाय का?" ते ऐकून डॉक्टर उठले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी पाय काढून घेतले.

"मी काय केलं? नसती कटकट. औषध तिने दिलं, तुझा शब्द तिने पाळला. तिकडे जा."

डॉक्टर सबनीस बुधीपाशी गेले. साऱ्या मंडळादेखत त्यांनी गुडघे टेकले आणि तिच्या पायांशी मस्तक जमिनीला लावले.

बुधी दचकून मागे सरली. तिच्यापुढे असे कोणी कधी वाकले नव्हते. साहेबांचे काही तरी पडले असावे असे वाटून तीही घाईघाईने खाली बसली आणि त्यांच्या डोक्याशेजारी दोन्ही हातांनी जमीन चाचपू लागली.