न सोडलेला फास

"सगळे फास सोडलेस का रं, दौलती?"

"सोडले, बाबा."

"सगळे?"

"सगळे म्हंजे सगळे! तुमच्याफुडं खोटं बोलू व्हय?"

केरबाबा झोपडीच्या दाराशी बसून रत्नीच्या पाठीवरून हात फिरवत होता. दिवस मावळतीला आला होता.

रत्नी त्याची कुत्री. बाबाचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळ झाली की रत्नी पुढं आणि तिच्या गळ्यातली दोरी धरून बाबा मागं, अशी ती जोडी झऱ्यावर पाण्याला जायची. वाट कड्याच्या कडेकडेनं जाणारी. जिथं कडा ढासळला होता तिथं रत्नी थांबायची. ती थांबली की बाबा थांबायचा. तिच्या जिवावर म्हातारा जगत होता, उगाच फुगवून सांगत नाही.

दौलती खालच्या गावचा, फास लावायला शिकायचं म्हणून बाबाकडं येऊन राहिलेला. हाताला कसब होतं पोराच्या, नाही म्हणायची सोय नाही. पण गर्व घामाच्या वासासारखा असतो. ज्याचा त्याला येत नाही.

रानात वाट चुकलं, दुष्काळात पोट खपाटीला गेलं, तर नुसत्या वाखाच्या दोरीवर आणि काटकीवर जगता यावं, म्हणून ही फास लावायची विद्या. एके काळी बाबासारखा फास लावणारा त्या डोंगरात दुसरा नव्हता. शिकवायचा मात्र एका अटीवर. भूक नसताना जीव घ्यायचा नाही. सरावाचा फास त्याच दिवशी, दिवस बुडायच्या आत, आपल्या हातानं सोडायचा.

पहिल्या दिवशी बाबानं फास दौलतीच्याच मनगटात अडकवला आणि दुसरं टोक झाडाला बांधलं.

"सुट आता," म्हणाला.

दौलतीनं हिसडे दिले, शिव्या दिल्या, मनगट सोलून घेतलं. बाबा शेजारी नुसता बसून होता. शेवटी दमून यानं हात सैल टाकला, तेव्हा कुठं फास ढिला झाला. असं का, हे ना बाबानं सांगितलं, ना यानं विचारलं. मनगटावर वण मात्र राहिला.

पुढं रोज तेच. दौलतीनं फास लावायचा, बाबानं बोटांनी चाचपायचा आणि म्हणायचं, "सोड आता."

बस, एवढंच! अरे, शाब्बासकी म्हणून काही चीज असते की नाही? तोंड भरून नको, पण 'चांगलं' एवढा एक शब्द? दौलतीच्या मनाला ते फार लागलं होतं.

म्हणून त्या दिवशी त्यानं करवंदीच्या जाळीपाशी, झऱ्याच्या वाटेला, एक कोवळं झाड वाकवून फास लावला आणि तो सोडलाच नाही. उजाडता ससा सापडेल. तो बाबाच्या पुढ्यात टाकू. मग बघू, म्हातारा कसा बोलत नाही ते!

...

"रत्ने! यू, यू!"

सकाळी बाबाच्या हाकेनं दौलती जागा झाला. बाबा अंगणात उभा होता. हातात कळशी आणि रिकामी दोरी.

"रत्नी कुठं दिसती का रं?"

दौलतीला ससा आठवला नाही. करवंदीची जाळी आठवली.

"आसंल हितंच कुठंतरी, बाबा."

"हाक मारली की येती ती. चल, बघू."

बाबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं निघाले. थोडं खाली वाट फुटत होती. डावी झऱ्याकडं, उजवी खिंडीकडं.

"कुणीकडं गेली आसंल?" बाबानं विचारलं.

आता 'डावीकडं' एवढंच तर म्हणायचं होतं! बाबा, माझ्या हातून चूक झाली, चला पळा, एवढंच. पण चोरी उघडी पडायची वेळ आली की जीभ भलतीकडंच धावते.

"खिंडीकडं, बाबा."

"बरं."

आंधळ्याची चाल ती. बाबा मधेच थांबायचा, कान टवकारायचा, हाक मारायचा, पुन्हा चालायचा. खिंडीत पोचल्यावर दौलतीला राहवेना.

"बाबा, तुमी हितं धोंड्यावर बसा. मी खालनं बघून येतो."

आणि तो सुटला. काट्याकुट्यातनं, घसरत, पडत तो जाळीपाशी आला.

वाकवलेलं झाड सरळ झालं होतं. रत्नी फासाला लोंबत होती. मागचे पंजे तेवढे जमिनीला लागत होते, आणि तिथली माती उकरून उकरून तिनं खळगा पाडला होता.

दौलतीनं तिला उचलून धरलं. दोरीला ढील मिळाली तसा फास एका बोटानं सुटला. पण आता सुटून काय उपयोग?

टाकावं दरीत, सांगावं वाघरानं नेली... मनात आलं त्याच्या, उगीच झाकून कशाला ठेवू? कड्यापर्यंत गेलाही. पण तिचं अंग त्याच्या छातीला ऊन लागत होतं. तो मागं फिरला.

खिंडीत येऊन त्यानं रत्नीला बाबाच्या मांडीवर ठेवलं.

बाबाचे हात तिच्या तोंडावरून, कानावरून, गळ्यावरून फिरले. गळ्यापाशी थांबले.

"ऊन हाय अजून."

बाबानं तळहात तिच्या छातीवर ठेवला. "आपण वाटंच्या फाट्यावर हुतो, तवा जिती हुती."

"...व्हय, बाबा."

"मी कान देऊन हुतो. वरडली न्हाई."

"फास गळ्यात हुता, बाबा. कशी वरडंल?"

बाबाच्या मिटल्या डोळ्यांतनं पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही.

"दोरी दे हिकडं."

झाडावरनं सोडून आणलेली फासाची दोरी दौलतीनं दिली. बाबानं गाठ चाचपली. फास मागं सरकवला, पुढं सरकवला. मग हळूच म्हणाला,

"गाठ चांगली जमलीया."

ज्या शब्दासाठी जीव टाकला होता, तो असा मिळाला! दौलती मातीत कोसळला. "मारा मला, बाबा! हाकलून द्या! पर ह्यो शब्द म्हागारी घ्या!"

दोघांनी हातांनी खड्डा केला, रत्नीला पुरलं, वर धोंडे रचले. ऊन चढलं होतं. बाबाचे ओठ सुकले होते.

"हात कर," बाबा म्हणाला.

दौलतीनं हात पुढं केला. बाबानं तोच फास त्याच्या मनगटात, नेमका जुन्या वणावर चढवला. दोरीचं दुसरं टोक आपल्या मुठीत धरलं. दुसऱ्या हातात कळशी घेतली.

दौलती पुढं आणि बाबा मागं, असे ते चालू लागले. फाटा आला.

"कुणीकडं?"

"डावीकडं, बाबा."

वाट करवंदीच्या जाळीवरून जाणारी. सरळ झालेलं झाड लांबूनच दिसलं. दौलतीला ते बघवेना. तिथनं एकदाचं पुढं जावं म्हणून तो मान खाली घालून झपाझप चालायला लागला. दोरी ताणली गेली. मनगटात फास रुतला.

मागनं बाबा म्हणाला,

"ओढू नगंस. ओढलं की आवळतं."