हणमंतच्या जागेवर गोधड्या

मंगळवारी दुपारी आम्ही वायरी गुंडाळत होतो. हणमंतच्या मेव्हण्याचा फोन आला. इस्लामपूरच्या स्टँडवर हणमंतच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

हणमंत आमचा दिमडीवाला. मिरजेतल्या एका बंद शाळेच्या वर्गात आमचा लोकगीतं आणि रॉकचा अल्बम रेकॉर्ड होत होता. सगळे एकाच खोलीत बसून वाजवायचे. गायला ओजस, व्हायोलिनवर नीलाक्षी, बास गिटारवर मी. रेकॉर्डिंगला दस्तगीरचाचा.

तेराव्यानंतर पुन्हा जमलो.

“चौथ्या गाण्यातली एक ओळ परत गायचीय, चाचा,” ओजस म्हणाला. “मी ती घाईत उचलली होती.”

“तेव्हा तर बरोबर आहे म्हणालास.”

ओजसनं हेडफोन कानावर चढवले.

चूक हणमंतनं दाखवली होती. ओजसनं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, “तू दिमडी वाजव. गाण्याचं मी बघतो.” हणमंत नुसता हसला होता. दुसऱ्या दिवशी तो गावी गेला.

ओजस गायला. माइक तोच, जागा तीच. चाचांनी नवी ओळ जुन्या गाण्यात बसवून ऐकवली. ती वेगळी पडत होती. जरा पोकळ.

तो पुन्हा गायला. आणखी सहा वेळा गायला.

“माइक गेलाय तुमचा,” ओजस वैतागला.

“त्या दिवशी खोलीत किती जण होतो?” चाचांनी विचारलं.

“पाच.”

“आज?”

“चार. याचं पोट धरून साडेचार.” ओजसनं माझ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, “पण चाचा, या गाण्यात दिमडीच नाही. तो नुसता बसला होता.”

“हां… बसला होता. बसलेल्या माणसाचं अंगही आवाज शोषतं.”

चाचा उठले. दोन जाड गोधड्या त्यांनी हणमंत बसायचा तिथे रचल्या. माणूस बसल्याएवढ्या उंच.

“म्हण आता.”

ओजस गोधड्यांकडे बघत राहिला. नीलाक्षीनं मान खाली घातली.

…

मग तो गायला. अजिबात घाई न करता.

चाचांनी ऐकवलं. सांधा कुठे आहे ते मलाही कळलं नाही.

ओजसनं हेडफोन काढले. “जुळलं… आता चूक राहिली नाही ना, चाचा?”

चाचा गोधड्यांची घडी घालत होते.

“गाण्यात नाही राहिली,” ते म्हणाले. “त्याला सांगायचं राहिलं.”