खोकडीचे पिल्लू

एका तालुक्याच्या गावाला लागून विस्तीर्ण माळ होता, आणि दर रविवारी सकाळी त्या माळावर दोन माणसे फिरायला जात. एक परांडेकर गुरुजी. वय एकोणऐंशी, सारा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेला. दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी सदानंद, पोस्टातून नुकताच निवृत्त झालेला.

सदानंदाची पत्नी शालिनी आदल्या वर्षी वारली होती. मूलबाळ नव्हते. महिन्याभरात लोकांचे येणेजाणे थांबले आणि सदानंद दिवसचे दिवस कुणाशी बोलेनासा झाला. तेव्हा गुरुजी एका सकाळी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले की चप्पल घाल, माळावर जाऊन येऊ. तेथून हा नेम पडला. फार लांब जायचे नसे. डबा घ्यायचा, ऊन चढेपर्यंत चालायचे, एखाद्या बाभळीखाली बसून खायचे आणि परतायचे. चंडोल गात गात आभाळात कसा चढतो, धाविक पक्षी चालता चालता कसा थबकतो, हे गुरुजी हळू आवाजात दाखवीत. त्यांचे एवढेच सांगणे असे की जनावर दिसले तर लांब बसावे, बोलावू नये.

हिवाळ्यात एका रविवारी त्यांना खोकड, म्हणजे माळावरची लहान कोल्ही, दिसली. मांजराहून थोडी मोठी, सडपातळ, शेपटीचे टोक काळे. ती बिळाच्या तोंडाशी उन्हात बसून या दोघांकडे पाहत राहिली. सदानंद त्या दिवशी घरी जाताना कितीतरी महिन्यांनी आपण होऊन बोलला.

मग तो मधल्या दिवशीही एकटाच माळावर जाऊ लागला. पहिल्यांदा त्याने भाकरीचा तुकडा लांब ठेवला. पुढे उकडलेले अंडे नेले. उन्हाळा लागेपर्यंत खोकड त्याच्या हाकेला येऊ लागली. त्या वर्षी तिचे एकच पिल्लू जगले होते. तेही तिच्यामागून येई आणि सदानंदाच्या पायाशी बसून खाई. हे त्याने गुरुजींना सांगितले नाही.

माळाच्या कडेने मोठा रस्ता जात असे. सुटीच्या दिवशी तेथे गाड्या थांबत, लोक वारा खात उभे राहत. ज्येष्ठ महिन्यातल्या एका सकाळी रस्त्यावरच्या चहावाल्या बाईने सदानंदाला निरोप धाडला. एका गाडीचे दार उघडले, कुणीतरी बिस्कीट पुढे केले, आणि खोकड सरळ रस्त्यावर चालत गेली. मागून दुसरी गाडी येत होती. बाई म्हणाली की ती जरासुद्धा बिचकली नाही.

सदानंदाने मेलेल्या खोकडीला आपल्या उपरण्यात गुंडाळून आणले, माळावर खड्डा खणला आणि पुरले. गुरुजी शेजारी उभे होते.

पुढच्या रविवारी ते बिळाकडे गेले, तेव्हा पिल्लू बाहेरच होते. सदानंदाला पाहताच ते उड्या मारीत आले. आणि तेव्हा गुरुजींनी, ज्यांनी चाळीस वर्षांत एकाही मुलावर हात उगारला नव्हता, वाकून एक ढेकूळ उचलले आणि त्या पिल्लाच्या दिशेने भिरकावले. मग दुसरे. पिल्लू घाबरले आणि पळाले ते सदानंदाच्या पायांआड येऊन उभे राहिले.

सदानंदाने हात आडवा धरला. त्याने विचारले, "गुरुजी, त्याची आई गेली आहे. तुम्ही हे काय करता?"

गुरुजी धापा टाकीत खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सदानंद, ती तुझ्यावर विश्वास टाकायला शिकली. पण माणसांतून तुला वेगळे काढायला तिला कोण शिकवणार होते? तिच्या लेखी दोन पायांवर चालणारा प्रत्येक जण तूच होतास. त्या गाडीतल्या माणसाकडे ती गेली, ती तू म्हणूनच गेली."

मग ते म्हणाले, "तू सांगितले नाहीस, तरी मला हे ठाऊक होते. तुझ्या चेहऱ्यावर हसू दिसत होते, म्हणून मी गप्प राहिलो. तो अपराध माझा. तिला कधी भूक लागली नव्हती रे, माळावर तिला पुष्कळ होते. भूक तुला होती, आणि ती मला पाहवली नाही."

सदानंदाने पिल्लाकडे पाहिले. ते त्याच्या चपलेचा वास घेत होते.

"ते आता टोळ धरते, उंदीर धरते," गुरुजी म्हणाले. "जगेल. फक्त त्याला माणसाचे भय हवे. आणि माझ्या ढेकळाने ते येणार नाही, हे तू आत्ताच पाहिलेस. तुझ्याच हाताने यायला हवे. अंगाला लागू देऊ नकोस."

सदानंदाने पायाजवळची ढेकळे वेचून हातात घेतली. मग चार पावले मागे सरला आणि त्याने एक ढेकूळ टाकले. पिल्लू धावत त्या ढेकळापाशी गेले, त्याने ते हुंगले, चाटले, आणि पुन्हा वर पाहिले. अंडे आहे असे त्याला वाटले होते. सदानंदाने दुसरे फेकले, मग मोठ्याने ओरडला, मग तिसरे फेकले. ते नेम चुकून पिल्लाच्या मागच्या पायाला लागले. पिल्लू एकदाच केकाटले, आणि माळ ओलांडून दिसेनासे झाले. सदानंद तिथेच बसला आणि शालिनी गेली तेव्हाही रडला नव्हता इतका रडला. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण उगी म्हटले नाही.

पुढे कितीतरी रविवार बीळ रिकामे होते. दोघे येत, डबा खात, परत जात.

भाद्रपदात गवत कमरेएवढे झाले तेव्हा एका सकाळी दूरच्या टेकाडावर एक तरुण खोकड उन्हाला येऊन बसताना दिसली. चाल थोडी मागच्या पायाने लंगडी होती. तिची नजर या दोघांवर पडली मात्र, कान ताठ झाले आणि क्षणात ती गवतात शिरली.

"पळाले," सदानंद म्हणाला.

"हो," गुरुजी म्हणाले.

डबा अजून उघडायचा होता. पण त्या जनावराला पुन्हा उन्हात यायचे असेल, हे सदानंदाच्याच मनात आले. त्याने गुरुजींना हात देऊन उठवले, आणि दोघे टेकाडाला लांबचा वळसा घालून घरी गेले.