अर्धा भरलेला चुडा

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते विचारू नका. तेव्हा वर्षं मोजणारे थोडे होते आणि गोष्टी ऐकणारे पुष्कळ.

एका राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी, एक गाव होतं. त्या गावात दस्तगीर नावाचा बांगडीवाला राहायचा. दस्तगीर म्हणजे हात धरणारा, आणि धंदाही तसाच. परक्या बाईचा हात हातात घ्यायची मुभा गावात दोघांनाच होती, एक वैद्य आणि दुसरा दस्तगीर. वैद्याकडे हसत हसत कोणी जात नसे.

गावाची रीत अशी, की बांगड्या भरून झाल्या की बाईने बांगडीवाल्याला वाकून नमस्कार करायचा. तो मुसलमान, या हिंदू, हे कोणाच्या मनातही यायचं नाही. तो दोन्ही हात वर उचलून म्हणायचा, "भरल्या हातांनी राहा, लेकी."

त्या गावात वेणू नवी सून होऊन आली. लग्नात तिचं नाव बदललं होतं. कोणी वेणू म्हणून हाक मारली की ती आधी मागे वळून बघायची, ही वेणू कोण आली म्हणून. माहेरची डोंगरावरची देवी मागे राहिली होती आणि समोर सासरचा भैरव आला होता. वेणू बोलायची कमी, बघायची जास्त. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून गुणाची आहे. आवाज कसा आहे ते मात्र अजून कळलं नाही."

संक्रांत जवळ आली तशी सासूबाई तिला दस्तगीरकडे घेऊन गेल्या.

"हात सैल सोड, लेकी," दस्तगीर म्हणाला. "मी बांगडी भरतोय, कुस्ती नाही खेळत."

वेणूचा एक हात हिरव्या बांगड्यांनी भरला. दुसरा हात त्याने हातात घेतला, तोच समोरच्या मशिदीतून बांग आली.

"थांबशील ना? जरा जाऊन येतो."

"बस गं," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या देवाची वेळ झाली. एवढी घाई असेल त्याने आपल्याही देवाकडे जाऊ नये."

वेणू उंबऱ्यावरून बघत राहिली. मशीद लहानशी होती, अंगणात एक कडुनिंब. तेली, विणकर, बांगडीवाला, सगळे एका ओळीत उभे राहिले, एकदम वाकले, आणि सगळ्यांची कपाळं एकदम जमिनीला टेकली. निंबाची पानं तेवढी हलत होती. वेणूच्या अंगावर काटा आला. इतकी माणसं एकाच वेळी इतकी लहान झालेली तिने कधी पाहिली नव्हती. आणि लहान होऊन इतकी मोठी दिसलेली तर नाहीच.

नमाज संपते न संपते तोच घोड्यांच्या टापा वाजल्या. राजाचा सरदार आला होता. त्याने माणसं बाहेर काढली, मशिदीच्या दाराला कुलूप ठोकलं आणि फर्मान वाचलं. राज्यात नमाज बंद. ऐकणार नाही त्याने येत्या शुक्रवारी राज्य सोडावं. प्रधानाने राजाचे कान भरले होते, "महाराज, हे पश्चिमेकडे तोंड करून वाकतात. हे आपले कसे?"

गावातही एकदोघांना हे पटल्यासारखं झालं. सखोबा नावाचा एक जण पुढे होऊन म्हणाला, "खरंच चाचा, तुझा देव पश्चिमेला, मग तू इकडे काय करतोस?"

"पश्चिमेला तुझी विहीर आहे, सखोबा," दस्तगीर म्हणाला. "तिच्यात जाऊन बसू?"

लोक हसले, पण हसू ओठांवरच राहिलं.

बायकांनी मात्र सरदाराला धरलं. "सण तोंडावर आला आणि बांगडीवाल्याला घालवता? आम्ही काय करायचं?"

सरदाराने मिशीवरून हात फिरवला. "बरं. हा राहू दे. बांगड्याही विकू दे. नमाज तेवढी सोडायची."

गावाचा जीव भांड्यात पडला. "झालं तर! चाचा, हो म्हणून टाक. मनातल्या मनात कर, कोण बघायला येतंय?"

दस्तगीर म्हणाला, "मनात तर तो आहेच. पण ही पाठ त्याने वाकायला दिली आहे. तुमची पोती उचलायला वाकली तर चालते, त्याच्यापुढे वाकली तर गुन्हा, असं कसं?"

आणि तो निघायच्या तयारीने बांगड्यांच्या माळा बांधायला लागला. "बापाची कबर इथेच आहे," तो एवढंच म्हणाला. "उन्हाळ्यात कोणीतरी पाणी शिंपडा."

दुसऱ्या दिवशी सरदाराने शहरातून नवा बांगडीवाला आणवला. वेणूचा एक हात अजून मोकळाच होता. त्या गावात सवाष्णीने एक हात मोकळा ठेवून उंबरा ओलांडणं फार वाईट समजत.

"आणा हात," नवा बांगडीवाला म्हणाला.

वेणूने हात पदराखाली घेतला.

"भर गं बाई!" सासूबाई कुजबुजल्या. "लोक काय म्हणतील?"

"आत्याबाई, बांगड्या कोणीही भरील. प्रश्न बांगड्यांचा नाहीच."

"मग कशाचा?"

"तेच राजाला विचारून येते."

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. सुनेचा आवाज कसा आहे ते आता कळलं होतं. मग त्यांनी आपल्या एका हातातल्या बांगड्या कष्टाने उतरवल्या आणि कोनाड्यात ठेवल्या. "एकट्या सुनेला राजवाड्यात धाडलं म्हणून उद्या मलाच नावं ठेवतील. चल."

वेणूच्या नवऱ्याने बैलगाडी जुंपली.

वाटेत आणखी बायका निघाल्या. घराघरातून एकेका हातातल्या बांगड्या उतरल्या. भैरवाच्या देवळातल्या गुरवाने घंटेला फडकं गुंडाळलं. "इतकी वर्षं तिकडून बांग, इकडून घंटा. एकटी घंटा कानाला बरी वाटत नाही," असं म्हणत तोही चालू लागला. त्याच्या मागून पुरुष आले. गावामागून गावं येत गेली, आणि गुरुवारी सकाळी वेणूने राजवाड्याच्या पायऱ्यांवरून मागे पाहिलं, तेव्हा रस्त्याला शेवट दिसेना.

राजा सिंहासनावर होता, शेजारी राणी. राजाने बायकांच्या हातांकडे पाहिलं. "एक हात भरलेला, एक मोकळा. याला शुभ म्हणू की अशुभ?"

"आम्हालाही कळत नाही, महाराज," वेणू म्हणाली. "तुमच्या राज्यासारखंच झालंय."

प्रधान पुढे आला. "महाराज, त्या बांगडीवाल्याला सवलत दिली होती. त्याने देव तेवढा सोडायचा. देव काय, बदलता येतो."

"येतो की," वेणू म्हणाली. "माझं नाव बदललं, घर बदललं, देवही बदलला. रोज सकाळी मी सासरच्या भैरवाला फूल वाहते, मनापासून वाहते. पण डोळे मिटले की अजून माहेरची देवीच समोर येते. तिला तिथून कसं काढायचं, प्रधानजी? मी तर माझ्या राजीखुशीने आले, तरी ती निघाली नाही. मग चाचांवर तलवार धरून त्यांचा देव कसा निघेल?"

बोलून गेल्यावर वेणूच्या लक्षात आलं, की सासूबाई अगदी मागेच उभ्या आहेत. तिने मान खाली घातली.

सासूबाई पुढे आल्या. एरवी गावाला पुरेल असा त्यांचा आवाज, आज एकदम हळू निघाला.

"मलाही," त्या म्हणाल्या. "केस पिकले, सून आली. डोळे मिटले की अजून माहेरचाच देव दिसतो. कोणाला कधी बोलले नाही."

"मलाही," मागून कोणीतरी म्हणालं.

"मला पण."

तो एक शब्द दरबारातून चौकात गेला, चौकातून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून रस्त्यावर. उभ्या पिकावरून वारा जावा तसा तो लांब लांब जात राहिला. कोणी ओरडत नव्हतं. प्रत्येक बाई आपल्यापुरतं, स्वतःला सांगावं तसं म्हणत होती. पहारेकऱ्यांनी नकळत भाले खाली टेकवले.

शब्द दूरवर विरला तेव्हा राजाला शेजारी किणकिण ऐकू आली. दूरच्या देशातून लग्न करून आणलेली राणी, एका हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवून सिंहासनाच्या हातावर ठेवत होती. तिचे डोळे मिटलेले होते.

"मलाही, महाराज."

राजा तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिला. इतका काळ शेजारी बसूनही त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याने किल्ले घेतले होते, नद्यांवर पहारे बसवले होते. आणि हा पापणीएवढा पडदा, त्याच्यापलीकडे त्याचं राज्य कधी नव्हतंच.

तो उठून उभा राहिला. "प्रधानजी, डोळे मिटा. काय दिसतं?"

प्रधानाने डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"काहीच नाही, महाराज," तो पुटपुटला.

"म्हणूनच तुम्हाला वाटलं, तिथे कुलूप लावता येतं."

राजाने फर्मान फाडलं आणि किल्ली प्रधानाच्याच हातात दिली. शुक्रवारी दुपारी, परतलेल्या सगळ्या गावासमोर, प्रधानाने मशिदीचं कुलूप काढलं. कोणी त्याला टोमणा मारला नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "जोडे बाहेर काढा हो."

दस्तगीर आत गेला, बाकीचे गेले. गुरव, सखोबा, बायका, मुलं, सगळे बाहेर उन्हात नमाज संपेपर्यंत उभे राहिले, पहाऱ्याला उभं राहावं तसे. सखोबाने मान वर केली नाही.

प्रधान दारातच थबकला. त्या वाकलेल्या पाठींकडे तो बराच वेळ बघत होता. मग त्याने हळूच डोळे मिटले.

या वेळी काय दिसलं, ते त्याला कोणी विचारलं नाही. त्या राज्यात पुन्हा कधी, कोणालाच, कोणी विचारलं नाही.

बोध: मिटल्या डोळ्यांमागच्या देवावर राजाचाही हुकूम चालत नाही, आणि शेजाऱ्याच्या देवावर तो चालू न देणं हे प्रत्येक शेजाऱ्याचं काम आहे.