बिट्टीची सायकल आणि खिचडीची पातेली

एक होती बिट्टी उंदरी. केवढी? तुमच्या मुठीत मावेल एवढी!

बिट्टी सायकलवरून सहलीला निघाली. टेकडीवर तंबू ठोकायचा. गरमगरम खिचडी शिजवायची. मज्जाच मज्जा!

पण बिट्टीने काय केलं? घूसमावशीचा लग्नकार्यातला मोठ्ठा टोप सायकलला बांधला. सायकल चालली डगमग डगमग. ओढ्यावरचा पूल आला. टोप निसटला. डुबुक्! गेला बुडून.

बिट्टी परतली घरी. घूसमावशी म्हणाली, "बुडवलास ना माझा टोप? आता खिचडी कशात करशील? उपाशीपोटी टेकडीवर जायचं नाही. सहल रद्द!"

बिट्टीला रडू आलं. पण ती रडली नाही. तिने शेपटी ताठ केली.

"मी जाणार म्हणजे जाणार! खिचडी करणार म्हणजे करणार!"

बिट्टी गेली स्वयंपाकघरात. तुरुतुरु तुरुतुरु. फळीवर होती छोटी पातेली.

"पातेली पातेली, चल माझ्याबरोबर."

पातेली म्हणाली, "झाकण आलं तर येईन. नाहीतर माझी वाफ पळते!"

बिट्टी गेली झाकणाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"झाकणा झाकणा, चल माझ्याबरोबर. पातेली येईना, खिचडी होईना!"

झाकण म्हणालं, "चिमटा आला तर येईन. तापल्यावर मला उचलणार कोण?"

बिट्टी गेली चिमट्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"चिमट्या चिमट्या, चल माझ्याबरोबर. झाकण येईना, पातेली येईना, खिचडी होईना!"

चिमटा म्हणाला, "चूल आली तर येईन. चुलीशिवाय मला करमत नाही!"

कोपऱ्यात होती पत्र्याची चिमुकली चूल. बिट्टी गेली तिच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"चुली चुली, चल माझ्याबरोबर. चिमटा येईना, झाकण येईना, पातेली येईना, खिचडी होईना!"

चूल म्हणाली, "सायकल हो म्हणाली तर येईन. मी काही चालत यायची नाही!"

बिट्टी दमली. पाय दुखले. तरी गेली अंगणात. तुरुतुरु तुरुतुरु.

"सायकली सायकली, हो म्हण ना. चूल येईना, चिमटा येईना, झाकण येईना, पातेली येईना, खिचडी होईना!"

सायकल म्हणाली, "नको गं बाई! त्या टोपाने माझी कंबर मोडली. मी एकच गाठोडं नेईन. छोटंसं. एकच!"

बिट्टीने मिशा हलवल्या. बिट्टीने विचार केला.

"एकच ना? मग म्हण हो!"

"हो!" सायकल म्हणाली.

सायकल हो म्हणाली, चूल आली. चूल आली, चिमटा आला. चिमटा आला, झाकण आलं. झाकण आलं, पातेली आली!

मग बिट्टीने काय केलं? पातेलीत ठेवली चूल. चुलीत ठेवला चिमटा. मधल्या फटीत डाळ-तांदळाची पुरचुंडी. वर लावलं झाकण. खट्ट! त्यावर बांधलं फडकं. गाठ मारली घट्ट!

"मोज गं सायकली, किती गाठोडी?"

सायकलने मोजलं. "एक! अगं, खरंच की एकच!"

घूसमावशी बघतच राहिली. "शहाणी गं माझी बाय! जा, जा टेकडीवर!"

ट्रिंग ट्रिंग! सायकल चढली टेकडी. फडक्याचा तंबू उभा राहिला. चूल पेटली. खिचडी शिजली. रटरट रटरट!

बिट्टीने पहिला घास घेतला. हाऽऽ, गरम! फू फू! मग मटामटा, मटामटा, सगळी खिचडी एकटीने खाल्ली.

पातेली झाली रिकामी, बिट्टीचं पोट झालं टम्म. आता तुम्ही खा पाहू मम्म!